चिमटा

सासूबाईंच्या गळ्यात काळा दोरा,
दोऱ्यात लाकडी क्रूस
आणि क्रूसाला घासत लोंबणारा
लोहाराने ठोकून दिलेला चिमटा.
क्रूस देवासाठी. चिमटा पापण्यांसाठी.

गायिंतच्या या डोंगरावर
किती जणींच्या गळ्यात तो आहे, कुणी मोजत नाही.
लहानपणी डोळे येतात, जातात, पुन्हा येतात,
आणि चाळिशीच्या आसपास
एक दिवस पापणी आत वळते.
मग आपलाच केस आपल्या बुबुळावर
दिवसभर झाडू मारत राहतो.
कुंपणानेच शेत खावं, तसं.

दर शनिवारी बाजारातून येताना यशारेग थांबते.
सासूबाई दाराशी बसतात, मान मागे, तोंड उन्हाकडे.
यशारेग एकेक केस उपटून मनगटावर ठेवते.
"सात."
"मागल्या वेळी पाचच होते."
"बारा होते. मला दिसले पाच."
दोघी हसतात, डोळा हलतो, चिमटा चुकतो,
शिवी निघते, पुन्हा हसू.
मी आत कॉफीचे दाणे भाजत असते.
धुराने डोळे चुरचुरले
तरी हल्ली आरशाचा तुकडा शोधते.

पाणी दीड तासावर.
पिवळा कॅन पाठीवर, जाताना उतार, येताना चढ.
इंजेराच्या पिठाला एवढं, कॉफीला एवढं,
आजारी शेळीला थोडं.
तोंड? सासरे म्हणायचे, उद्याही मळणारच.
त्यांचं खोटं नव्हतं.
पोटाला चिमटा घेऊन वाचवलेलं पाणी
कुणी गालावर ओतावं?

मग फंताये आली, आरोग्य केंद्रातली.
तिने गेताहुनची वरची पापणी उलटून मला दाखवली.
आत भिजल्या तेफसारखे
बारीक पांढरे दाणे.
तो चार वर्षांचा होता.
मी पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं,
त्यांनी मान फिरवली.

काठीने उंची मोजून तिने गोळ्या दिल्या.
"औषध वर्षातून एकदा," म्हणाली, "तोंड रोज.
एक ओंजळ पुरते."
आणि टोमॅटोच्या रिकाम्या डब्याला
खिळ्याने भोक पाडून दिलं.
भोकाला बुच म्हणून बाभळीचा काटा.

काट्याने काटा काढतात,
मी काट्याने पाणी काढते.
सकाळी एकदा, शेळ्या घेऊन परतल्यावर एकदा.
गेताहुन पळतो, त्याची बहीण त्याला धरते,
मग ती पळते.
डोळ्याच्या कोपऱ्यातलं एवढंसं पिवळं
माशांना आमंत्रण म्हणून पुरतं, ते आधी पुसायचं.
पोरागणिक वेगळा फडका;
माझ्या शालीचं टोक आता कुणाच्या नाकाडोळ्याला नाही.
खाली सांडतं ते मिरचीच्या रोपाला.
कधी कंटाळा येतो. कधी कॅनच रिकामा असतो.
त्या दिवशी मळकी तोंडं घेऊन निजतात,
आणि माझा डोळ्याला डोळा लागत नाही.

सुगीनंतर शाळेत पापण्यांची शस्त्रक्रिया झाली.
सासूबाई दोनदा अर्ध्या वाटेतून परत आल्या,
तिसऱ्यांदा यशारेगने हात सोडला नाही.
उजवा डोळा झाला. डावा पुढच्या वर्षी.
पट्टी निघाली त्या संध्याकाळी
समोरच्या टेकडीवरच्या शेळ्या
त्यांनी बसल्या जागी मोजल्या,
आणि एक कमी आहे म्हणून मलाच रागावल्या.

यशारेग अजून येते. डाव्या डोळ्याचे तीन, चार.
उरलेला वेळ कॉफी.

काल डब्यातला काटा भोकातच मोडला.
मी दाताने ओढला, नखाने टोकरला,
पोरं आयती सुटली म्हणून खूश.
सासूबाई उठल्या. गळ्यातला दोरा न काढताच
डब्यावर वाकल्या,
क्रूस पत्र्यावर टकटकला,
चिमट्याने तुटका काटा बाहेर ओढला.
बारीक धार सुरू झाली.
काटा मनगटावर ठेवून
सवयीने म्हणाल्या,
"एक."