एकच असल्याबाबत

देवगडच्या जेटीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
माझं सेतू केंद्र. एक टेबल, एक पंखा,
एक प्रिंटर, जो दमट हवेत
दोन-दोन कागद एकदम ओढतो.
लोक येतात ते नावं घेऊन.
सातबाऱ्यावर कोयंडे, आधारवर कोयंदे.
मयत आजोबा गोविंद, पेन्शनच्या वहीत गोविद,
टिंब कुठं गळलं कुणास ठाऊक.
मी टाइप करते:
वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे.
शंभराचा स्टँप, खाली सही,
सही न येणाऱ्याचा अंगठा.
अंगठ्याला ऱ्हस्वदीर्घ नसतं.

माझंही घ्या.
आईनं ठेवलं प्रतीक्षा,
पहिलीच्या गुरुजींनी हजेरीत केलं प्रतिक्षा.
वेलांटी इकडची तिकडं, एवढंच.
पण मग दहावी, डीएड, बँक,
सगळीकडं मी आखूडच वाट पाहिली.
प्रत्यक्षात लांबली ती. जाऊ दे.

आता भावाला मुलगी झालीय.
बारसं परवावर. नाव आत्येनं ठेवायचं,
आणि ते मी कधीच ठेवलंय, ती पोटात असताना.
लाट.
पण लाट असं कुणी मुलीला म्हणत नाही,
म्हणून तिचं जुनं, संस्कृतातलं नाव.
फॉर्म उघडलाय. बाळाचे नाव, दोन टिंबं, रिकामी चौकट.
मी उ दाबते. खोडते. ऊ दाबते.

शब्दकोशात दीर्घ आहे. मला माहीत आहे.
वहिनी म्हणते, पहिला घाल, सोपा,
शाळेत कुणी चुकलं तर पोर रडत घरी यायला नको.
तिच्या मावशीच्या ज्योतिषानं सांगितलंय,
इंग्रजीत शेवटी डबल ई, म्हणजे आकडा जुळतो.
आणि रूपेश (लायसनवर रुपेश)
जेटीवरून तिसऱ्यांदा फोन करतो:
"काय ता एकदाचा सांग गो,
पेंटर येवन बसलोहा,
भरतेच्या आदी रंग सुकाक व्हयो."
होडी तिच्याच नावानं.
तिच्या आधी महिनाभर कर्ज मंजूर झालं.

शटर अर्धं ओढून खाली गेले.
दाऊदमामा चाळीस वर्षं नाळेवर नावं काढतात.
ब्रश चिंधीला पुसत होते.
मामा, ऱ्हस्व की दीर्घ?
म्हणाले, बाय, व्याकरण तुझं.
माझं एवढंच, की उ काढला तर हात थांबतो,
ऊ काढला तर त्याच्या पाठीला गळ लागतो,
आणि ही फळी पुढं निमुळती,
गळाला जागा दिली की मी वाकडा बसेल.
मी म्हणजे शेवटचं अक्षर.
तरी क्षणभर काही सुचेना मला.

बाराव्या दिवशी पाळण्याशी वाकले.
कान केवढासा, तिसऱ्याच्या शिंपल्याएवढा,
कडेला अजून लव.
कुर्र केलं,
आणि शेजारणींनी रीतीप्रमाणं पाठीत असे धपाटे घातले
की ओठांवरचा तो स्वर हेलकावून गेला.
पहिला निघाला की दुसरा,
माझं मलाच सांगता येणार नाही.
पोरीनं तोंड वेंगाडलं, मग जांभई दिली.
तिला चालला.

फॉर्मवर दीर्घ आहे. मी भरला, मीच तपासला.
नाळेवर ऱ्हस्व, निळ्यावर पांढरा,
आणि मी सरळ बसलाय.
आज पहाटे होडी बाहेर पडली, दुपारी बांगडे घेऊन आली,
नावाचं कुणी काही विचारलं नाही.
संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं.
एक मसुदा तयार करून ठेवला, अठरा वर्षांनी लागेल:
वर उल्लेखलेली लाट आणि खाली उल्लेखलेली लाट
ही एकच असून

पुढचं तिनं लिहायचं.
जागा सोडलीय.