ठाव

धुकं दक्षिणेकडून आलं, न सांगता,
तुझी बहीण येते तसं.
आधी दीपस्तंभ गेला, मग खडपावरचे पाणकावळे,
मग सगळं हेल्गेलान्ड.
उरलो तू, मी, लाल बादली
आणि बोर्डावर वाळत घातलेले मोजे.

एइविंड, तू इंजिन मंद केलंस.
एका सिलिंडरचं हे जुनं धूड,
टुक्. टुक्. टुक्.
ह्याच्या शेजारी चाळीस उन्हाळे उभं राहून
तू कान गहाण टाकलेस.
म्हणून तू सुकाणूवर, मी नाळेवर
पिवळ्या रेनकोटात:
डावा हात वर केला की डावीकडे,
दोन्ही केले की थांब.
संसारात असं कधी जमलं नव्हतं.

पाणी कुठेतरी दगडावर फुटत होतं.
कुठे ते कळेना.
मग डावीकडे मेंढी ओरडली.
एकदाच, चिडल्यासारखी.
मेंढी म्हणजे गवत, गवत म्हणजे बेट,
मी दोन्ही हात वर केले.

खोली मोजायचं यंत्र मेपासून बंद आहे.
तू दोरीला शिसं बांधून सोडलंस,
शिशाच्या बुडाला चरबी फासून, तुझ्या आजोबांसारखी.
सहा वाव, म्हणालास.
चरबीला चिकटून वर आली
वाळू, शिंपल्याचा चुरा, एक लाल धागा.
नांगर दोनदा घसरला. तिसऱ्यांदा बसला.

रात्रीचे बारा वाजले तरी उजेड ताकासारखा.
तू वही काढलीस. वारा नैऋत्य, दोन.
खोली सहा वाव. डिझेल निम्मं.
तू झोपल्यावर मी मागची पानं चाळली
(नेहमी चाळते, तुला ठाऊक नाही).
सुन्निवा गेली त्या तारखेलाही
तुझं तेच टोकदार अक्षर:
वारा नाही. पाऊस. पंप दुरुस्त केला.

पंपाला काही झालं नव्हतं.
तीन तास तू खाली होतास, पाना हातात धरून,
आणि मी वर बटाटे सोलत राहिले,
दोघांना लागतील त्याहून कितीतरी जास्त.

आजच्या ओळीखाली मी पेन्सिलीनं लिहिलं:
मेंढी ओरडली.

सकाळी तू चष्मा लावून वाचलंस.
बराच वेळ.
मग पेन्सिलीला टोक काढत विचारलंस,
कुठल्या बाजूला?

डावीकडे, मी म्हणाले.
मग मोठ्यानं, पुन्हा, डावीकडे.