चार बोटं

मंठा चौफुलीच्या अलीकडं आमचं गॅरेज.
इथं येतात उसाच्या ट्रॉल्या, सळईचे ट्रक,
मोसंबीचे टेम्पो, एखादी थकलेली जीप.
त्यांच्या पोटाखाली कुत्रं दुपारभर झोपतं.
तिथं जॅक मापून कोण घालतं?

मंगळवारी टोच्या गाडीवरनं उतरली ती पिवळी,
बियाणं कंपनीवाल्यांच्या धाकट्याची,
समृद्धीवर मागचं टायर फुटलेली.
उतरली कसली, जमिनीला चिकटलीच.
कुत्रं आलं, मान वाकडी करून खाली पाहिलं,
आणि निघून गेलं.

उस्ताद मुनीरभाईंनी चष्मा कपाळावर सारला,
डाव्या हाताची बोटं आडवी धरून
तिच्या पोटाखाली घातली.
"चार बोटं," म्हणाले.
अंगठा सोडला तर त्या हाताला तीनच आहेत.
चौथं ते मनात धरतात,
पण माप चुकल्याचं मी पाहिलेलं नाही.

मग एकेक जॅक निघाला.
ट्रकचा बाटली जॅक, वीस टनांचा. हत्ती उचलेल,
पण हत्तीनं आधी वीतभर वर उभं राहायला पाहिजे.
जीपचा कातरी जॅक शिरला खरा,
आणि दोन आट्यांतच डुलायला लागला
वाळूत रोवलेल्या काठीसारखा.
आमचा चाकांचा ट्रॉली जॅक साडेपाच इंच.
गाडी तीन, वर केसभर.
अडीच इंच म्हणजे कागदावर काहीच नाही.
आमची त्यात अख्खी दुपार गेली.

धाकटे शेठ घड्याळ बघत म्हणाले,
"चार पोरं लावा, हातानं उचला, खाली विटा सारा."
उस्ताद म्हणाले, "नक्को."
एवढंच.
उठून माठाकडं गेले, पाणी प्यायला फार वेळ लावला.
चौथं बोट कुठं गेलं, मी कधी विचारलं नाही.
विटेचं नाव निघालं की ते उजव्या हातानं
ती रिकामी जागा चोळतात,
आणि त्यांच्या रशीदचा फोटो
हवेच्या टाकीवर एकटाच हसत राहतो,
सतरा वर्षांचा, कायमचा.

मी स्टेशन रोडला गेलो, गट्टाणींच्या दुकानात.
"किती टनी देऊ?"
म्हटलं, टन मागून सांगा,
आधी तो किती वाकतो ते सांगा.
त्यांनी मागनं एक ओढून आणला,
लांब मानेचा, घोरपडीसारखा चपटा.
टेप लावला: पावणेतीन.
परत लावला.
साडेअकरा हजार. मी गल्ल्यासमोर तसाच उभा,
खिशात आठ, आणि उस्तादांच्या नावावर उधारी.

संध्याकाळी पुढच्या चाकांना दगड लावले.
ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा
जॅकच्या वाटीत ठेवला, एकच पदर,
दोन पदरांना जागा नव्हती.
उस्ताद जमिनीला गाल लावून पडले,
बॅटरीच्या उजेडात चाचपत राहिले.
"इथं प्लास्टिक आहे. इथं नाही. पुढं. अजून पुढं. हां,
ह्या दोन खुणांच्या मध्ये लोखंड आहे."
मी दांडा दाबला, अर्धा.
थांबलो. कान दिला.
काही करकरलं नाही.
पुन्हा अर्धा.

गाडी वर आली, तशी कुरकुर न करता,
पाव्हणीनं खुर्चीवरनं उठावं तशी.
आमच्याकडं घोडी म्हणतात त्या लोखंडी टेकूला.
ती दोन्ही बाजूंना लावली,
जॅकचा भार हळूच सोडून तिच्यावर दिला.
"जॅक उचलतो रे," उस्ताद म्हणाले,
"धरत नसतो."
कमरेनं गाडीला धक्का दिला,
एकदा इकडून, एकदा तिकडून.

तेवढ्यात कुत्रं परत आलं,
वाकून पाहिलं, जागा पटली असावी,
शिरायला लागलं.
"हाड!" उस्ताद ओरडले. "अजून नाही."
खाली बसून घोडी हलवून पाहिली,
पलीकडं जाऊन दुसरी.
मग त्याला जाऊ दिलं.

त्याच्यानंतर मला.