पुढचा शाफ्ट

मेळा उठला की ग्वाल्हेरात
त्या मैदानाकडे महिनोन्महिने कुणी फिरकत नाही.
ओढलेली शटरं, भिंतीवर गेल्या सालच्या
रजयांचे भाव, आणि मधून
सरळ, सिमेंटचा, तीनशे पावलांचा रस्ता.
पहाटे साडेपाचला तो आमचा.

भदौरियाची गाडी चारी चाकांनी पळते.
दोन विती लांब. खाली ठेवतो, रिमोटचा घोडा ओढतो,
ती तारेवरून सोडल्यासारखी जाते.
माझी मागच्या दोन चाकांवर.
हिला हुकूम चालत नाही, विचारावं लागतं.
घोडा तांदळाच्या दाण्याएवढा जास्त ओढला
की ढुंगण फिरवते
आणि आलेल्या वाटेकडे तोंड करून उभी राहते.

"घारपुरेजी, चार चक्का ले लो,"
भदौरिया थर्मासचं झाकण फिरवत म्हणतो.
"मोटर कितनी भी तगडी हो,
सडक तक माल पहुँचाएगा कौन? दो मजूर कि चार?"
गणित बरोबर आहे त्याचं.
बँकेत बत्तीस वर्षं मी
दुसऱ्यांची बरोबर गणितंच तपासली.

माझीही उत्तरं तयार असतात, घरून पाठ करून आणलेली:
डिफरन्शियल एकच, बेअरिंगं कमी, वजन कमी,
मोडलं तर दौलतगंजातला लेथवाला
अर्ध्या तासात पिन कातून देतो.
सगळी खरी आहेत.
पण त्यांच्यासाठी मी पहाटे उठत नाही.

मेमध्ये भदौरिया भिंडला लग्नाला गेला
आणि गाडी माझ्या हवाली केली.
जीपीएसच्या डबीत आकडा आला: एकशे चार.
चौकीदार बैजनाथ ओरडला, "अरे बाप रे!"
मी पुन्हा सोडली. एकशे चार.
पुन्हा. एकशे तीन.
रेघ अशी की रस्ताच वाकडा वाटावा.
बोट माझं शिक्का मारल्यासारखं
दाबलं, उचललं. दाबलं, उचललं.
बाकी मला तिथं काही काम नव्हतं.

माझीचा आकडा अठ्ठ्याऐंशी.
तोही एकदाच, मार्चच्या गारठ्यात,
टायर कुमुदच्या हेअर ड्रायरनं गरम करून.
(तो ड्रायर ती अजून शोधते आहे.)
त्या चार-पाच सेकंदांत शेपूट दोनदा सुटलं
आणि दोनदा मी ते परत आणलं.
कसं, ते विचारू नका.
हातांनी आणलं, मला नंतर कळलं.

कोरड्या कारंज्याच्या कठड्यावर बसलो,
भदौरियाची गाडी उलटी मांडीवर घेतली.
दोन मिलिमीटरचा पाना, एक बारका स्क्रू.
पुढचा शाफ्ट निघाला, दोन्ही टोकांना गाठी असलेला.
शर्टाच्या खिशात टाकला.
मग सोडली.
तीस पावलांवर गर्रकन फिरली,
सॉफ्टी आइस्क्रीमच्या शटरवर जाऊन आपटली.
शटर बराच वेळ वाजत राहिलं.
बैजनाथ काही बोलला नाही.
मी हसलो असणार,
कारण कुत्रं माझ्याकडे बघून भुंकलं.

नवा बंपर मागवला, साडेआठशे रुपये.
भदौरिया बुधवारी येईल.
त्याच्याआधी शाफ्ट बसवायचा, म्हणजे बसवायचाच.

काल मशीनमधून शर्ट काढताना
कुमुदनं तो तळहातावर धरला.
"हे कुणाचं हाड?"
भदौरियाच्या गाडीचं, म्हटलं.
"मग आता ती चालते कशी?"
मी उत्तर शोधत होतो,
तिनं तोवर ते चिमट्यांच्या डब्यात टाकलं
आणि चादर झटकली.
तिथंच आहे अजून. आज मंगळवार.