तीन मण्यांची दोरी

टाके आपोआप विरघळतील, म्हणाले डॉक्टर सामंत,
स्नायू मी जागेवर आणलाय,
बघणं मात्र तुमचं तुम्हालाच शिकावं लागेल.
चौतिसाव्या वर्षी.

मला वाटायचं, बघणं येतंच.
तळाशीलात तर दोन्हीकडे पाणीच बघायला,
दाराशी खाडी, परसात समुद्र,
मध्ये वाळूची पट्टी, नाकाएवढी.
बाईंनी फळ्यावर म्हण लिहिली होती,
दोन डोळे शेजारी, भेट नाही संसारी,
आणि अख्खा वर्ग वळला माझ्याकडे.
मी कुणाकडे बघतेय ते कुणालाच कळलं नाही.
एवढाच फायदा.

लग्नाच्या अल्बमात मी सगळीकडे उजवीकडून आहे.
पोरगी लाजाळू, खाली बघते,
असं सांगितलेलं केळुसकरांना.
चहा ओतायच्या आधी किटलीची चोच
कपाच्या काठाला टेकवायचे, टण्,
सासूला वाटे, भांडी आपटते.
होडीतून उतरताना अंगठ्यानं चाचपायचे,
खाली दगड आहे की खाडी.
दत्ताराम तांडेल हात पुढे करायचा.
वीस वर्षं. त्यानं कधी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

पट्टी काढली तेव्हा डोळा लाल,
बांगड्याच्या कल्ल्यासारखा,
आणि घरात सगळंच जोडीनं:
दोन समया, दोन पाली,
दोन नवरे शेजारी शेजारी,
दोघेही विचारतात, बरं वाटतंय ना?
मी मधल्या मोकळ्या जागेला हो म्हटलं.

आठवड्यानं दुसरी समई विझली.
सुटले, म्हणाले मी.
व्यायाम शिकवणारी फरझाना म्हणाली, नाही हो,
डाव्यानं पुन्हा काम सोडलंय.
तिनं दोरी दिली. लाल, पिवळा, हिरवा मणी.
एक टोक खिडकीच्या गजाला,
दुसरं नाकाच्या शेंड्याशी.
दोन्ही डोळे जागे असले तर दोऱ्या दोन दिसतील
आणि तुम्ही बघाल त्या मण्यात एकमेकींना छेदतील.
मला एकच दिसायची.
रोज भात शिजेपर्यंत, एकच.
'गे आये, खंय बघतंस?' मुलगा विचारी.
मलाही तेच विचारायचं होतं.

पौषात, एका सकाळी,
तांडेलांच्या अंगणात वाळत घातलेलं जाळं
(रोजचंच, भिंतीवर रेघोट्या मारल्यासारखं)
पुढे आलं.
म्हणजे जाळ्यामागे जाळं, त्यामागे माडाचं खोड,
आणि त्यांच्या मध्ये, कसं सांगू,
काहीच नाही.
पण ते काहीच नाही मला दिसत होतं.
हात घातला असता तर कोपरापर्यंत गेला असता.
एक बूच लोंबत होतं
नाकासमोर, इतकं गोल
की मी एक पाऊल मागे सरले.
कोंबडी ओरडली पायाखाली.

रोज होत नाही तसं.
संध्याकाळी थकला की डावा अजून दांडी मारतो,
जग पुन्हा कॅलेंडरवर जाऊन चिकटतं.
मग मी पट्टीच्या टोकाला जाते,
जिथे खाडी समुद्राला मिळते.
तिथेही भरतीला तो आत घुसतो, ओहोटीला ती बाहेर,
नीट रेघ कुठे असते?
पण दोघांचं पाणी चाखून बघा.

सर्जेकोटला होडी टेकली परवा.
मी खाली बघितलं. होडीची कड, जेटीचा दगड,
मध्ये वीतभर फट,
आणि फटीत पाणी, हिरवं,
खाली, अजून खाली जाणारं.
ह्याच्यावरून मी वीस वर्षं पाय टाकला?
दत्तारामनं हात पुढे केला.
मी तो असा धरला
की त्याची बोटं पांढरी पडली.
'काय गो,' तो म्हणाला, 'आता दिसता मा?'
'दिसता,' मी म्हटलं,
'म्हणान तर.'