ओलं की सुकं

नागदेवी स्ट्रीटच्या त्या दुकानात पुढे नुसत्या कानशी टांगलेल्या,
करवती आत, माळ्याखाली, तेलकट कागदात.
मुर्तुझाभाईंनी किमतीचं काही विचारलं नाही.
विचारलं, "बेन, ओलं कापायचंय का सुकं?"

दोन्ही, म्हटलं.
मागच्या अंगणातला पेरू नाटेकरांच्या गॅलरीत शिरलाय,
त्यांच्या वाळत्या चादरींवर पोपटांनी खाल्लेल्या बिया.
आणि घरातला एक उंबरा.
"उंबरा?"
सागाचा. चार बोटं उंच. चाकाची खुर्ची अडते.

ते जरा थांबले,
मग दोन करवती काउंटरवर ठेवल्या, शेजारी शेजारी.

एकीचे दात मोठे, एक डावीकडे झुकलेला, एक उजवीकडे,
गर्दीत वाट काढणाऱ्या बाईच्या कोपरांसारखे.
ओलं लाकूड पातं धरून बसतं, ते म्हणाले,
चीर रुंद पाहिजे, भुशाला बाहेर पडायला जागा पाहिजे.
दुसरीचे बारीक, दाट,
आईच्या करवतकाठी लुगड्याच्या काठासारखे.
जन्मभर तो शब्द तोंडात होता,
त्यातली करवत मला साठीत दिसली,
नागदेवीत, ट्यूबलाइटखाली.

सगळ्याला चालेल अशी एकच नाही का?
"असते की. सगळ्याला चालते,
कशालाच धावत नाही."

फिजिओच्या मुलीचे सहाशे वेगळे काढून
पाकिटात काय उरतं ते मी पाकीट न उघडता मोजलं.
एकच घेतली. मधली. इंचाला आठ दात.
त्यांनी ती वाकवून सोडली; पातं सरळ झालं
आणि बराच वेळ बारीक वाजत राहिलं.
"जी वाजत नाही ती घ्यायची नाही," म्हणाले,
आणि कागद गुंडाळताना वर एक मेणबत्ती ठेवली, फुकट.
ओल्या लाकडात अडली की पात्याला घासायची.

घरी विश्रामदादा खिडकीशी.
एकतीस वर्षं माझगावला लाकडी नमुने घडवले त्याने,
ज्यांच्या साच्यात मग लोखंड ओतायचे.
आता उजवा हात मांडीवर ठेवलेला असतो, कुणीतरी विसरून गेल्यासारखा,
आणि सगळ्या शब्दांतून एकच उरलाय: बरं.
भूक लागली? बरं.
दुखतंय? बरं.
नाटेकर पुन्हा भांडून गेले. बरं.

डाव्या हाताने त्याने करवत घेतली.
अंगठा दातांवरून उलटा फिरवला,
पात्याच्या पाठीवरून एक डोळा मिटून पाहिलं
आणि तोंड वाकडं केलं.
ते तोंड माझ्या ओळखीचं,
माझ्या लग्नात रुखवताचं कपाट आलं तेव्हाचं.
ओल्याला बारीक आणि सुक्याला भरड, हो ना? मीच म्हटलं.
"बरं," म्हणाला, इतकं ठणकावून
की मला हसू आलं, मग त्याला.

उंबऱ्याचा काप खडबडीत निघेल.
निघू दे. त्यावरून चाकंच जायची आहेत.
पेरूची फांदी रविवारी,
आधी खालून थोडी चीर, मग वरून,
नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते;
हे मला त्यानेच शिकवलं होतं,
तेव्हा मी ऐकल्यासारखं केलं होतं.

मी जमिनीवर बसले, मूठ धरली.
मागून खुर्ची कुरकुरली. तो वाकला,
माझी तर्जनी मुठीतून सोडवून
पात्याच्या दिशेला सरळ लावली.
तीन बोटं आत, एक बाहेर, वाट दाखवायला.
मग माझ्या मनगटावर हात ठेवून
पहिला ओढ आपल्याकडे घेतला, हलकेच,
नुसती खूण पडेल इतका.

सागाचा वास आला.
चाळीस वर्षांच्या पॉलिशखाली अजून होता तो.
दादाने हात काढला नाही.
मी म्हटलं, ढकलू?