प्रश्न एकोणिसावा

एरंडवण्यात, तिसऱ्या मजल्यावर,
एसीखाली स्वेटर घालून मी जंगल भरतो,
एका ओळीत एक झाड:
हिरडा, जांभूळ, अंजनी, पुन्हा हिरडा.

घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा,
म्हणजे एक मीटर सदतीस.
ठकूबाई केंगल्यांच्या तो हनुवटीला लागला.
"कुणाची छाती धरलीय रं ही?" म्हणाल्या,
आणि टेप बाजूला सारून
खोडाला कव घातली.

बॉनहून आलेल्या फॉर्मात प्रश्न एकोणिसावा:
निधी मिळाला नसता तर
पुढच्या वीस वर्षांत
तुम्ही किती झाडं तोडली असती?
मी तो मराठी करून विचारला,
राईच्या कडेला, चपला काढून.
बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या.
"देवाच्या राईतलं वाळकं पान
आमी चुलीला नेत नाय.
एकबी नाय. लिव्ह."

लिहिलं. शून्य.

साहेब म्हणतात, शून्याला पैसे नसतात.
जे वाचणारच होतं
ते वाचवल्याचे कोण कशाला देईल?
पलीकडच्या खोऱ्यात कटर मशीन पोचलंय,
तिथला आकडा चांगला येतोय.

साडेसात झाले. कर्वे रस्ता हॉर्न वाजवतोय.
चौकट लाल होते:
शून्यापेक्षा मोठी संख्या भरा.

रुमाल काढताना खिशातून हिरडा निघाला,
बाईंनीच दिलेला, माझा खोकला ऐकून.
दाढेखाली धरून बसलोय.
तुरट पाणी सुटतंय तोंडभर.
संख्या सुचत नाही.